ही त्याची आई का?

मे २०१७. रात्रीच्या बातम्या लागल्या होत्या आणि आई मेथी निवडत बसली होती. पडद्यावर फ्रान्सचे नवे राष्ट्राध्यक्ष, एकोणचाळीस वर्षांचे इमॅन्युएल मॅक्रॉन, गर्दीला हात करत होते. शेजारी सोनेरी केसांची, सडपातळ, साठी ओलांडलेली बाई. "ही त्याची आई का?" आईनं विचारलं. बायको, मी म्हटलं. मेथीची जुडी हातातच राहिली. "अगं बाई! केवढी थोराड!"

माझे बाबा आईपेक्षा अकरा वर्षांनी मोठे होते. लग्नाच्या फोटोत आई एकोणीस वर्षांची, शालू सावरताना बावरलेली. बाबा तिशीचे, कपाळावरचे केस मागे हटू लागलेले. तो फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत चाळीस वर्षं टांगलेला आहे. त्याच्याकडे बघून "केवढा थोराड" असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मुलगा नोकरीत स्थिर आहे, पोरीला सांभाळून घेईल, असंच म्हटलं गेलं असणार.

ही बायको एकेकाळी त्याच्याच शाळेतली शिक्षिका होती हे कळल्यावर त्या आठवड्यात फोनवर विनोदांचा पाऊस पडला. 'मे आय कम इन मॅडम' म्हणत राजवाड्यात शिरणारा राष्ट्राध्यक्ष, गृहपाठ केला नाही म्हणून ओणवा उभा राहिलेला राष्ट्राध्यक्ष. त्यातला एक मीही पुढे ढकलला, हे कबूल करते. नंतर कधीतरी सहज आकडे मांडून बघितले. ब्रिजित मॅक्रॉन यांचा जन्म १३ एप्रिल १९५३चा, इमॅन्युएल यांचा २१ डिसेंबर १९७७चा. अंतर चोवीस वर्षं आठ महिने. डोनाल्ड ट्रम्प जून १९४६चे, मेलानिया एप्रिल १९७०च्या. अंतर तेवीस वर्षं दहा महिने. म्हणजे दोन्ही जोडप्यांत फरक काय तो दहा महिन्यांचा. तरी एक जोडपं जगभर चेष्टेचा विषय आणि दुसऱ्याच्या वयाकडे कोणाचं लक्षही नाही.

त्याच वर्षी १३ जुलैला हे चौघं पॅरिसमध्ये भेटले. तिथं ट्रम्प यांनी ब्रिजितबाईंना नखशिखान्त न्याहाळलं आणि तुम्ही काय छान शरीर राखलंय, असं कौतुक केलं. सुमारे तेवढ्याच अंतराची त्यांची स्वतःची बायको शेजारी उभी होती. दोन वर्षांनी ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष बोल्सोनारो यांच्या एका चाहत्यानं फेसबुकवर दोन्ही देशांच्या अध्यक्षांच्या बायकांचे फोटो शेजारी लावले. बोल्सोनारो यांच्या खात्यावरून त्याला हसत हसत दाद गेली. मॅक्रॉन भडकले, जी-७ परिषद चालू असताना त्यांनी जाहीर नाराजी बोलून दाखवली. बोल्सोनारो आणि त्यांच्या पत्नीच्या वयात किती अंतर? सत्तावीस वर्षं.

तेव्हा हसू येतं ते आकड्याचं नाही, आकडा कोणत्या बाजूला झुकलाय त्याचं येतं. आपल्या भाषेत हे नीट दिसतं. म्हाताऱ्यानं कोवळ्या पोरीशी लग्न लावलं की त्याला मराठीत 'जरठकुमारी विवाह' असा भारदस्त शब्द आहे. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९मध्ये रंगभूमीवर आलं आणि बोहल्यावर चढू पाहणारा भुजंगनाथ घराघरांत पोचला. पहिली बायको वारल्यावर पुन्हा उभा राहणारा तो बिजवर. वेळेत लग्न न झालेली ती घोडनवरी. पण नवरीच मोठी आणि नवरा लहान असेल तर? शब्दच नाही. ज्याला शब्द नाही ते घडतच नाही असं धरून चालायचं, आणि घडलंच तर 'विजोड' म्हणून मोकळं व्हायचं.

कायदाही याच चालीनं चालतो. १९२९च्या शारदा कायद्यानं मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. (नाटकातल्या शारदेशी त्याचा संबंध नाही, ते हरबिलास सारडा यांचं आडनाव, पण दोन्ही एकच समजणारे मला अनेकदा भेटलेत.) पुढे १९७८मध्ये ते १८ आणि २१ झालं. नवरा तीन-चार वर्षांनी मोठा असायचाच, हे सरकारनंच लिहून ठेवलं. मुलींचंही वय २१ करायचं विधेयक डिसेंबर २०२१मध्ये लोकसभेत आलं आणि ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. यात आपणच मागासलेले असंही समजायला नको. नेपोलियनच्या १८०४च्या संहितेत मुलीचं वय १५ आणि मुलाचं १८ होतं, आणि फ्रान्सनं ते बदलून दोघांनाही १८ केलं ते थेट २००६मध्ये. म्हणजे मॅक्रॉन शाळेत होते तेव्हा फ्रान्समध्ये पंधरा वर्षांच्या मुलीचं, आईवडिलांच्या संमतीनं, लग्न होऊ शकत होतं. पंधरा वर्षांच्या मुलाचं नाही.

आता मूळ गोष्ट. आमियाँ हे पॅरिसच्या उत्तरेला साधारण सव्वाशे किलोमीटरवरचं शहर. तिथलं त्रोन्यो घराणं १८७२पासून चॉकलेट आणि बदामाची मॅकरॉन बिस्किटं बनवणारं. (मॅकरॉनवाल्यांच्या मुलीनं मॅक्रॉनशी लग्न केलं, यावर फ्रेंचांचे विनोद करून झाले आहेत.) सहा भावंडांतलं शेंडेफळ म्हणजे ब्रिजित. एकविसाव्या वर्षी एका बँकवाल्याशी लग्न, तीन मुलं, मग शिक्षकीची नोकरी. जेझुइट पाद्र्यांच्या 'ला प्रोव्हिदाँस' शाळेत त्या फ्रेंच आणि लॅटिन शिकवत आणि मुलांची नाटकं बसवत. १९९३च्या सुमारास त्या नाटकमंडळात डॉक्टर आईवडिलांचा एक हुशार मुलगा आला. वय पंधरा. त्यांची मधली मुलगी याच मुलाच्या वर्गात होती. एका इटालियन नाटकात सगळ्या मुलांना पुरतील एवढी कामं नव्हती, म्हणून बाई आणि हा मुलगा मिळून ते वाढवून लिहायला बसले. आठवड्यामागून आठवडे.

चरित्रकार सांगतात की मुलगा कोणाच्या तरी प्रेमात आहे हे आईवडिलांना जाणवलं, तेव्हा त्यांना आधी वाटलं, वर्गातली ती मुलगी असेल. खरं कळल्यावर घर हादरलं. शाळेचं शेवटचं वर्ष करायला त्याला पॅरिसच्या नामांकित आँरी-कात्र शाळेत धाडण्यात आलं. जाताना त्यानं, मी परत येऊन तुमच्याशीच लग्न करणार, असं सांगितलं म्हणतात. ब्रिजितबाईंचा घटस्फोट जानेवारी २००६मध्ये झाला आणि २० ऑक्टोबर २००७ रोजी ल तुके या समुद्रकाठच्या गावी दोघांचं लग्न लागलं. नवरा एकोणतीस वर्षांचा, नवरी चोपन्न. त्या समारंभात त्यानं बायकोच्या मुलांचे, म्हणजे जवळजवळ आपल्याच वयाच्या माणसांचे, आपल्याला स्वीकारल्याबद्दल आभार मानले.

लग्न टिकलं. नवरा बँकर झाला, मंत्री झाला, राष्ट्राध्यक्ष झाला. आणि लोकांनी काय केलं? या बाईंचं वय त्यांना पचेना, म्हणून त्या बाईच नाहीत असं ठरवलं. २०२१मध्ये यूट्यूबवरच्या लांबलचक मुलाखतीतून अशी वावडी उठली की ब्रिजित हा मुळात पुरुष, स्वतःच्या भावाच्या नावानं जन्मलेला. वावडी समुद्रापार गेली. जुलै २०२५मध्ये मॅक्रॉन दांपत्याला अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये एका पॉडकास्टवाल्या बाईविरुद्ध दावा लावावा लागला. ऑक्टोबर २०२५मध्ये पॅरिसच्या न्यायालयात आठ पुरुष आणि दोन बायकांवर समाजमाध्यमांतून छळ केल्याचा खटला चालला. धाकटी मुलगी साक्षीला उभी राहिली. आईची तब्येत कशी ढासळली आणि नातवंडांना शाळेत काय ऐकून घ्यावं लागतं, ते तिनं सांगितलं.

ही अफवा वेडगळ आहे, पण तिच्यात एक तर्क आहे. तरुण, देखण्या, सत्तेतल्या पुरुषानं म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईवर प्रेम करावं, हे मनाला पटतच नसेल तर मग काहीतरी भानगड असलीच पाहिजे. एक तर तो तसा नसेल, नाही तर ती तशी नसेल. साठीच्या बाईवर कोणी मनापासून प्रेम करू शकतं, ही साधी शक्यता तेवढी कोणी धरत नाही. आपल्याकडे अंजली तेंडुलकर सचिनपेक्षा साडेपाच वर्षांनी मोठ्या, तेवढं आपण 'किती गोड' म्हणून चालवून घेतलं. पण तो सचिन. आणि अंतर साडेपाच.

इथवर वाचून मी ब्रिजितबाईंचं वकीलपत्र घेतलंय असं वाटेल. चोवीस वर्षांपुरतं घेतलंच आहे. दोन प्रौढ माणसांच्या वयातली वजाबाकी हा त्यांचा मामला. पण या गोष्टीत दुसराही एक आकडा आहे आणि हसण्याच्या गदारोळात तो बाजूला पडतो. पंधरा.

फ्रेंच कायद्यात संमतीचं वय १५. पण समोरची व्यक्ती शिक्षकासारखी, हाती अधिकार असलेली असेल तर मर्यादा १८वर जाते. प्रेम नेमकं कधी जडलं हे कोणालाही कळणार नाही, ते आमचं गुपित आहे, अशा अर्थाचं ब्रिजितबाईंनी सांगून ठेवलं आहे. याबद्दल कधी कोणी तक्रार केली नाही, खटला भरला नाही, आणि मला त्यांच्यावर कसलाही आरोप ठेवायचा नाही. मला बोलायचंय ते ही गोष्ट आपण सांगतो कशी, त्याबद्दल. छळ करणाऱ्यांनी हाच प्रश्न शिवीसारखा वापरला, हे मला माहीत आहे. त्यांच्या तोंडी गेला म्हणून तो विचारायचाच नाही, हेही बरोबर नाही.

गोड गोष्टीत कर्ता नेहमी मुलगा असतो. त्यानं हट्ट धरला, त्यानं पिच्छा पुरवला, त्यानं शब्द दिला आणि पाळला. बाई म्हणजे जणू वाऱ्यात सापडलेलं पान. आता माणसं उलटी करा. चाळिशीचा मास्तर आणि पंधरा वर्षांची विद्यार्थिनी. "तीच मागे लागली होती, तीच ऐकेना." हे वाक्य कोण म्हणतं, आपल्याला ठाऊक आहे. आरोपीचा वकील म्हणतो.

फ्रान्सनं हा धडा फार उशिरा गिरवला. लेखक गाब्रिएल मात्स्नेफ वयानं लहान मुलींशी असलेले संबंध पुस्तकांतून मिरवत असे. १९९०मध्ये दूरदर्शनवरच्या एका गाजलेल्या साहित्यिक कार्यक्रमात तो खुशाल त्याबद्दल बोलत होता, भोवतालची मंडळी हसत होती. क्वेबेकहून आलेल्या दनीझ बोंबार्दिए या एकट्या लेखिकेनं त्याला तोंडावर सुनावलं, आणि नंतर पॅरिसच्या साहित्यिकांनी तिचीच टर उडवली. वानेसा स्प्रिंगोरा चौदा वर्षांची असताना हाच मात्स्नेफ, तेव्हा पन्नाशीचा, तिच्या आयुष्यात आला होता. तिनं २०२०मध्ये ते सगळं लिहिलं तेव्हा देश खडबडून जागा झाला. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१मध्ये, नवा कायदा आला: पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या संमतीचा प्रश्नच उद्भवणार नाही. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते इमॅन्युएल मॅक्रॉन. यात मी त्यांना कुत्सितपणे चिमटा काढत नाही. त्यांच्या सरकारनं योग्य तेच केलं.

पण याआधीची एक गोष्ट मला जास्त छळते, कारण ती माझ्या युक्तिवादात नीट बसत नाही. गाब्रिएल रुसिए, मार्सेयमधली साहित्याची शिक्षिका, घटस्फोटित, दोन मुलांची आई. १९६८च्या धामधुमीत सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याशी तिचे प्रेमसंबंध जुळले. मुलाचे आईवडील प्राध्यापक, त्यांनी फिर्याद केली. तिला बोमेतच्या तुरुंगात काही आठवडे डांबलं. जुलै १९६९मध्ये बारा महिन्यांची स्थगित शिक्षा आणि ५०० फ्रँक दंड झाला. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या माफीत ही शिक्षा पुसली गेली असती. पण सरकारी पक्षानं जास्त शिक्षेसाठी अपील केलं. १ सप्टेंबर १९६९ला तिनं स्वतःला संपवलं. वय बत्तीस. तीन आठवड्यांनी पत्रकार परिषदेत राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांना कोणीतरी तिच्याबद्दल विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग पॉल एल्युआरच्या कवितेतल्या काही ओळी म्हणून निघून गेले.

एखाद्या पुरुष शिक्षकावर सरकार इतकं हात धुऊन मागे लागलं असतं का? मला नाही वाटत. मात्स्नेफ तर पुढे पारितोषिकं घेत राहिला. म्हणजे बाई मोठी असली की एक तर तिला सुळावर चढवायचं, नाही तर तिच्या कहाणीवर डोळे पुसायचे. मधलं काही नाही. रुसिएवर अन्याय झाला, हे मला शंभर टक्के मान्य आहे. तरीही त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या शिक्षिकेनं त्या वाटेला जायला नको होतं, हेही मला म्हणायचं आहे. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणताना अडखळायला होतं, पण त्यातलं एकही खोडावंसं वाटत नाही.

मॅक्रॉनच्या बाबतीत आपण अडखळत नाही, कारण शेवट गोड झाला. संसार टिकला, मुलगा मोठा झाला, मग सुरुवातीचं काय उगाळायचं? या हिशोबात आपण मराठी माणसं मुरलेली आहोत. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे कैवारी. १८७३मध्ये पहिली पत्नी वारली तेव्हा एकतीस वर्षांच्या रानड्यांनी वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तिला त्यांनी घरी शिकवलं, आणि पुढे त्या रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव जोशी बिजवर, वीसएक वर्षांनी मोठे. त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं आणि तिला शिकवायचा ध्यास घेतला. अभ्यासावरून तिनं मारही खाल्ला. १८८६मध्ये ती अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडली, डॉ. आनंदीबाई जोशी. आपण या दोन जोडप्यांच्या गोष्टी शाळेत ऐकल्या त्या आदर्श म्हणून. नवराच गुरू, गुरूच नवरा. त्या काळाला आजच्या मापानं मोजायचं नाही, हे मला कळतं. पण सेवासदन झालं, डॉक्टरकी झाली, म्हणून अकरा आणि नऊ हे आकडे विरघळून जात नाहीत. ज्या मुली तशाच शिकवणाऱ्या नवऱ्याच्या हाती पडल्या आणि ज्यांचं काहीच झालं नाही, त्यांच्यावर धडे लिहिले जात नाहीत. आमियाँसारख्या गावांत, आपल्या क्लासांच्या गल्ल्यांत, ज्या पोरांचं पुढे काहीच झालं नाही त्यांच्यावरही नाही.

आपल्याकडे २०१२पासून पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आहे. तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, अठरा म्हणजे अठरा, आणि शाळेतल्या माणसानं गुन्हा केला तर शिक्षा जास्त. कागदावर फ्रान्सहून कडकच. पण एखाद्या शिक्षिकेवर विद्यार्थ्याच्या संदर्भात गुन्हा नोंदला गेल्याची बातमी आली की तिच्याखाली काय लिहिलं जातं ते बघा. "नशीबवान पोरगा." "आमच्या वेळी अशा मॅडम नव्हत्या." तेच पुरुष मुलीच्या बातमीखाली फाशीची मागणी करतात. मुलग्याला इजा होऊच शकत नाही, त्याला मिळतं ते बक्षीसच, अशी ही समजूत आहे. 'मे आय कम इन मॅडम' हा विनोद त्याच समजुतीवर उभा होता. तो पुढे ढकलताना मी नेमकं कशाला हसत होते, हे आता मला नीट दिसतं. बाईच्या सुरकुत्यांना हसत होते. वर्गाच्या दाराला हसायचं नसतं, हे लक्षातच आलं नाही.

ब्रिजितबाई स्वतः २०२३मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकाशी या सगळ्याबद्दल बोलल्या. मुलांची आयुष्यं उद्ध्वस्त होऊ नयेत म्हणून लग्नाला दहा वर्षं थांबले, डोक्यात नुसता कल्लोळ होता, तो आपल्याच वयाच्या कोणाच्या तरी प्रेमात पडेल असं वाटत होतं, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. प्रेमकहाणी सांगणाऱ्यांपेक्षा आणि टिंगल करणाऱ्यांपेक्षाही मला ही बाई जास्त प्रामाणिक वाटली. निदान तिला त्यात काहीतरी अवघड आहे हे तरी दिसत होतं.

मे २०२५मध्ये ती चित्रफीत आली. हनोईच्या विमानतळावर विमानाचं दार उघडतं, आत मॅक्रॉन उभे, आणि बाहीतले दोन हात येऊन त्यांचं तोंड ढकलतात. भाच्यानं ती आईला दाखवली. खाली सगळे लिहीत होते, मॅडमनी पोराला मारलं. आई आता सत्तरीपार आहे, फोन डोळ्यांपासून लांब धरून बघते. तिनं एकदा बघितलं. "नवरा-बायकोचं भांडण आहे, बंद कर," ती म्हणाली.

फोन परत देता देता तिनं विचारलं, "पण काय गं, तेव्हा तो शाळेत होता ना? मग त्याच्या आईला कोणी काही विचारलं का?"